मागच्या चाकाचे दात

दसऱ्याच्या सकाळी वऱ्हाडातल्या आमच्या वरूडच्या कोणत्याही गल्लीत उभे राहा आणि मोटारसायकलींची पूजा पाहा. गाडी बोअरच्या पाण्यानं न्हाऊन निघालेली असते. झेंडूचा हार हँडलला, हळदकुंकू हेडलाइटच्या कपाळी, आपट्याची पानं मीटरवर आणि लिंबू पुढच्या चाकाखाली. मागच्या चाकाला काय? काही नाही. नारळ फोडताना चार थेंब उडाले तर तेवढंच तीर्थ. वर्षभर इंजिनाची सगळी ताकद साखळीवाटे ज्याच्या अंगावर येते आणि घरातली सगळी माणसं ज्याच्यावर बसून सोयरिकीला जातात, ते चाक पूजेत नसतं. मालकाला ते दिसतच नाही, कारण मालक त्याच्यावरच बसलेला असतो.

पुढचा आणि मागचा टायर शोरूममधून एकाच दिवशी बाहेर पडतात. पण पुढच्याकडे वळण दाखवायचं आणि ब्रेक लागला तर थांबायचं एवढंच काम. मागच्यानं गाडी ढकलायची, ओझं वाहायचं, खड्ड्यातून आधी पुढचं चाक सुखरूप गेलं की तोच खड्डा दुप्पट वजनानं सोसायचा. पुढचा एक टायर संपेपर्यंत मागचे दोन संपतात, हा पंक्चरवाल्यांचा ढोबळ हिशेब आहे आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघतो. त्यात आमचं ऊन. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास रेंगाळतो, डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं आणि तापलेलं रबर मऊ पडून भराभर झिजतं. आता सिमेंटचे रस्ते आले. चाक घसरू नये म्हणून त्यांच्यावर मुद्दाम आडव्या रेघा ओढलेल्या असतात. चाक घसरत नाही हे खरं, पण घासत राहतं.

इतकं सगळं असूनही मागचा टायर वेळेवर बदलल्याचं उदाहरण वरूड तालुक्यात सहसा सापडायचं नाही. टायर बदलण्याचा मुहूर्त किलोमीटरवर ठरत नाही, संत्र्याच्या बगिच्याच्या सौद्यावर ठरतो. टायर गुळगुळीत व्हायला लागला की कास्तकार म्हणतो, "आंबिया निघू दे." ऑक्टोबर-नोव्हेंबरात आंबिया बहाराचा बगिचा व्यापारी पाहून जातो, इसार देतो, भाव पडतो, उरलेले पैसे फवारणीच्या उधारीत जातात. मग म्हणतो, "मृगावर पाहू." मृग बहाराचा माल फेब्रुवारी-मार्चात तुटतो. तोवर पोरीचं लग्न ठरतं. लग्नात टायर कोण बदलतो? मग पुन्हा आंबिया. टायर बिचारा दोन्ही बहारांची वाट पाहत स्वतःच गळून पडायच्या बेतात येतो.

या प्रवासाला टप्पे आहेत. पहिल्यांदा नक्षी पुसट होते. तेव्हा मालक म्हणतो, "आता कुठी टायर मोकळा झाला, आता गाडी पळते." मग टायर गोटा होतो. तेव्हाचं वाक्य ठरलेलं: "एक पावसाळा तं निघतेच." शेवटी रबराखालचे धागे दिसू लागतात. तेव्हा मालक काही बोलत नाही. गाडी भिंतीला टेकवून ठेवतो, मागचं चाक भिंतीकडे.

खरं म्हणजे कंपनीनं सोय केलेली असते. टायरच्या नक्षीच्या खळग्यांमध्ये रबराचे बारीक ठोकळे असतात. ते कुठे आहेत हे शोधता यावं म्हणून टायरच्या बगलेवर 'टीडब्ल्यूआय' अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण कोरलेला असतो. नक्षी झिजून त्या ठोकळ्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. त्यात वाद नाही, पंचनामा नाही. पण हा ठोकळा पाहिलेला माणूस आणि धूमकेतू पाहिलेला माणूस, दोघांची संख्या आमच्याकडे साधारण सारखीच.

गोट्या टायरच्या बाजूनं बोलणारे वकीलही असतात. प्रत्येक घरात एक पुतण्या असतो, ज्यानं मोबाइलवर रेस पाहिलेली असते. तो सांगतो, "काकाजी, रेसच्या गाड्यायचे टायर गोटेच राह्यते. गोट्याची पकड जास्त." आणि पंचाईत अशी की तो खोटं बोलत नसतो. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर नक्षी नसलेलं रबर जास्त टेकतं, म्हणून पकड खरंच चांगली मिळते. नक्षीचं काम पाण्याचं. चाकाखाली आलेलं पाणी त्या खळग्यांतून बाजूला निघून जावं आणि रबर रस्त्याला भिडावं, एवढ्यासाठी ती असते. रेसमध्ये पाऊस आला की ते लोक टायर बदलतात. आपल्याकडे पाऊस आला की देव आठवतात.

झिजलेला टायर नीट पाहिला तर मालकाची सगळी हकिगत सांगतो. मधोमध चपटा झालेला टायर म्हणजे सरळमार्गी माणूस. वरूड-मोर्शी-अमरावती असा रोजचा सरळ रस्ता, हवा जरा जास्तच. हा टायर सरळ चालतो तोवर गुणी, पण वळणावर गाडी वाकवली की चपट्या भागाच्या काठावरून अशी घरंगळते की मागच्या सीटवरची मंडळी एकदम देवाधर्माला लागतात. दोन्ही कडा खाल्लेला टायर म्हणजे हवा कमी. हा माणूस हवा वर्षातून एकदा, पोळ्याला भरतो. एकाच बाजूनं झिजलेला असेल तर दोष मालकाचा नाही. साखळी ताणताना मिस्त्रीनं एका बाजूचा नट जास्त फिरवला, चाक तिरपं बसलं आणि गाडी तेव्हापासून थोडी आडवी चालते आहे. मालकाला वाटतं, रस्ता तिरपा आहे.

आणि टायरवर जागोजागी चट्टे असतील तर तो मागच्या ब्रेकचा भक्त. हा पंथ मोठा आहे. आमच्याकडे पोराला गाडी शिकवताना बाप पहिलं वाक्य उच्चारतो ते असं: "पुढचा बिरेक दाबू नको, उलटा पडशीन." ते पोर आयुष्यभर पुढच्या ब्रेकला हात लावत नाही. त्याच्या गाडीचं ब्रेकचं दांडकं जन्मभर कोवळं राहतं. वास्तविक ब्रेक लागला की सगळं वजन पुढं सरकतं, पुढचं चाक रस्त्याला घट्ट दाबलं जातं, आणि गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. मागचं चाक त्या वेळी हलकं होतं. हलक्या चाकावर पाय रोवून उभं राहिलं की ते फिरायचं थांबतं आणि घसरत जातं. 'चर्रर्र' असा आवाज येतो, रस्त्यावर काळी रेघ उमटते आणि मागच्या टायरवर आणखी एक चट्टा पडतो. आवाज मोठा झाला म्हणून मालकाला वाटतं, ब्रेक कडक आहे. बाप दारातून पाहत असतो आणि समाधानानं मान हलवतो.

एवढं होऊन एक दिवस टायर घ्यायची वेळ येतेच. टायर घेणं हा आमच्याकडे खाजगी व्यवहार नाही. बाजारातल्या टायरच्या दुकानासमोर गाडी डबल स्टँडवर लागली की पाच मिनिटांत ओळखीची-बिनओळखीची पाच-सहा माणसं जमतात. कुणी बँकेत चाललेला असतो, कुणी कृषी केंद्रात. सगळ्यांना वेळ असतो.

"कोनता टाकून रायले भाऊ?"

"पाहून रायलो ना बाप्पा."

"जो गाडीसंगं आला होता, तोच टाका. कंपनी काय वेडी हाय का?"

"तो नका टाकू. माह्या साळ्यानं टाकला, सहा महिन्यांत गोटा."

साळ्याचा हा टायर वरूडात जगप्रसिद्ध आहे. प्रत्येक दुकानात, प्रत्येक कंपनीच्या नावावर कुणाचा तरी साळा सहा महिन्यांत टायर झिजवून बसलेला असतो. साळ्यानं त्या टायरमध्ये हवा किती ठेवली होती हे कोणी विचारत नाही.

मग पक्षभेद सुरू होतो. एमआरएफवाले एका बाजूला, सिएटवाले दुसऱ्या, मधे टीव्हीएसचे दोन अपक्ष. एमआरएफवाल्यांचा युक्तिवाद सचिनच्या बॅटवर संपतो. बॅटवर ते नाव होतं, म्हणजे टायर चांगलाच असणार. ही कंपनी 1946 साली मद्रासला पोरांच्या खेळण्यातले फुगे बनवत सुरू झाली, हे त्यांना सांगितलं तर ते आणखी खूश होतात: "पाहा, हवेचा अनुभव पयल्यापासून हाय." जून 2023 मध्ये त्यांच्या एका शेअरचा भाव लाखाच्या वर गेला होता. तेवढ्या पैशात दोन्ही टायरांसह अख्खी नवी गाडी दारात आली असती. सिएटची मुळं इटलीतल्या तुरीनची, पण हल्ली तिचे दुचाकीचे टायर नागपूरजवळ बुटीबोरीलाही तयार होतात, म्हणून सिएटवाले घरचा उमेदवार असल्यासारखे बोलतात. या वादात दुकानदार पडत नाही. तो प्रत्येकाला मान डोलावतो आणि ज्या टायरमध्ये त्याला जास्त सुटतं तो काउंटरवर आणून ठेवतो. "हा घ्या मालक. कंप्लेंट येत नाही."

आणि मालक तो घेतो. हेच मला कधी समजलं नाही. हाच माणूस बैल घ्यायला बाजारात गेला की काय करतो ते पाहा. विकणाऱ्याच्या शब्दावर तो काडीइतका विश्वास ठेवत नाही. बैलाभोवती फिरतो, भोवरे पाहतो, खूर उचलून पाहतो, चालवून पाहतो, शेपटी पिळून पाहतो. शेवटी बैलाचा जबडा धरून तोंड उघडतो आणि दात मोजतो. दोन दाती, चार दाती, की सगळे दात येऊन जुळलेला? वय कळल्याशिवाय भावासाठी रुमालाखाली बोटं धरायला तो तयार नसतो. आणि हाच माणूस टायरच्या दुकानात, दुकानदार म्हणतो म्हणून, तोंड न उघडता जनावर घरी नेतो.

टायरलाही दात असतात. बगलेवर बारीक अक्षरांच्या ओळीच्या शेवटी, बहुधा लंबगोल चौकटीत, चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2325 असेल तर हे पिल्लू 2025 च्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनमध्ये जन्मलं. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, कडक होतं, बारीक भेगाळतं. त्यातून ते चार उन्हाळे पत्र्याच्या गोदामात झोपलेलं असेल तर नवा दिसणारा टायरही जुळलेलाच समजा. दुकानात खाली वाकून हे चार आकडे वाचायला घेतले की दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो. "ते कंपनीचं काही असते मालक," तो म्हणतो. दात पाहताना बैल विकणाराही असंच काहीतरी म्हणत असतो.

ही तुलना मी ओढूनताणून आणली असं कुणी म्हणेल, म्हणून सांगतो. हवेचा टायर 1888 साली ज्यानं बेलफास्टला आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केला आणि चालवून दाखवला, तो जॉन बॉयड डनलॉप पोटापाण्यासाठी गुरांचा डॉक्टर होता. दगडी रस्त्यावर मुलाला हादरे बसत म्हणून त्यानं चाकाला रबराची नळी बांधून तीत हवा भरली. रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसानं ही कल्पना त्याच्याआधी चाळीसेक वर्षं पेटंट करून ठेवली होती. पण तेव्हा रस्त्यावर मोटारी तर नव्हत्याच, सायकलीही नव्हत्या म्हणा, मग हवा कुणाच्या कामाची? ज्यानं जन्मभर जनावरांची तोंडं उघडली त्या डॉक्टराच्या शोधाचं तोंड आपण उघडून पाहू नये, हे काही बरोबर नाही.

दातांशेजारी आणखी एक आकडा असतो आणि तो वाचला तर झोप उडते. समजा, साध्या शंभर सीसी गाडीच्या मागच्या टायरवर 80/100-18 लिहिलंय आणि पुढं 54P. पहिले आकडे मापाचे: रुंदी 80 मिलिमीटर, उंची रुंदीइतकीच, रिम 18 इंची. P म्हणजे ताशी 150 किलोमीटरपर्यंत टायर टिकेल. त्याची आपल्याला काळजी नाही, गाडीच तेवढी पळत नाही. पण 54 म्हणजे पूर्ण हवेवर जास्तीत जास्त 212 किलो ओझं. आता खरिपातल्या सकाळी कृषी केंद्रातून निघालेल्या गाडीचा हिशेब करू. गाडीचं स्वतःचं निम्म्याहून थोडं जास्त वजन मागच्या चाकावर, म्हणजे साठेक किलो. चालवणाऱ्याच्या वजनातले पन्नास. मागं दोन युरियाच्या थैल्या. सरकारनं 2018 पासून युरियाची थैली 50 वरून 45 किलोवर आणली, त्याचा खरा आनंद मागच्या टायरला झाला असेल. तरी नव्वद किलो झाले. एकूण दोनशे. आत्तापर्यंत टायर हद्दीत आहे, बरं का. मग फाट्यावर ओळखीचा माणूस हात करतो.

"जागा हाय का भाऊ?"

"बसा ना. थैलीवर बसा."

वऱ्हाडात 'जागा नाही' हे वाक्य एसटीचा कंडक्टर सोडला तर कुणाच्या तोंडी येत नाही. थैलीवरचा माणूस पासष्ट किलोचा. त्याच्या हातात पिशवी, पिशवीत पाच किलोचा कोंबडा. टायरच्या 212 ची केव्हाच ऐशीतैशी झालेली असते.

आणि ही 212 ची हद्द पूर्ण हवेवरची. हवेचं म्हणाल तर साखळीच्या कव्हरवर किंवा आसपास कंपनीचा एक स्टिकर असतो. एकट्यासाठी मागच्या चाकात किती, मागं माणूस असेल तर किती, दोन्ही आकडे तिथं असतात आणि दुसरा आकडा बराच मोठा असतो. तो स्टिकर पहिल्याच पावसाळ्यात चिखलाखाली जातो आणि मग जन्मभर हवा अंगठ्यानं मोजली जाते. काही जाणकार लाथेनं मोजतात. लाथ मारून ते म्हणतात, "बरोबर हाय." पेट्रोल पंपावर हवा फुकट असते हे खरं, पण आपण गेलो की हवेवाला माणूस जेवायला गेलेला असतो. तो किती वेळा जेवतो याची चौकशी व्हायला हवी.

मापाचं थोडं. तरुण पोरांना मागचा टायर जाड हवा असतो. "एक नंबर मोठा टाका," असं ते हळूच सांगतात आणि बाप विचारतो, "एव्हरेज किती देईन?" या एका प्रश्नात बापाचा विजय आहे. रिम अरुंद आणि टायर रुंद असला की टायर चिमटून बसतो, मधोमध फुगतो, साखळीच्या कव्हरला घासायची भीती असते, गाडी जड होते आणि एव्हरेज खरंच पडतं. कंपनीनं दिलेलं माप तेच घ्यावं. बाप एव्हरेजपुरतं का होईना, बरोबर बोलतो.

नक्षीबद्दल मात्र बापही गडबडतो. वावर पांदण रस्त्यावर असेल तर दुकानदार बटन टायर पुढं करतो. मोठमोठी बटनं, पाहूनच वाटतं की हा डोंगर चढेल. सालबर्डीच्या दगडगोट्यांत तो चढेलही. पण आमच्या काळ्या मातीत पाऊस पडला की ती माती टायरला चिकटते, मडगार्डखाली भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. बटनांच्या फटीत तर ती आणखी छान बसते. काळ्या मातीच्या चिखलात चालेल असा टायर मी तरी पाहिला नाही. शहाणा माणूस फाट्यावर गाडी ठेवतो आणि चप्पल हातात घेऊन वावरात जातो. वर्षातले उरलेले आठ महिने ती बटनं डांबरावर गुणगुणत झिजतात.

काटे हा आमचा दुसरा शत्रू. बाभूळ आहेच, तुरी कापल्यावर राहिलेल्या खुंट्या सुळासारख्या वर उभ्या असतात आणि बगिच्यात जंबेरीच्या खुंटावरून फुटलेले काटेरी फुटवे छाटून वाटेवर पडलेले असतात. इथं ट्यूबलेस टायर कामाचा. काटा शिरला तरी हवा हळूहळू जाते, घरी पोहोचता येतं, पंक्चरवाला बाहेरूनच रबराची वात खोचून देतो. पण त्याला अलॉयची रिम लागते. आऱ्यांच्या चाकात आऱ्यांच्या भोकांतून हवा निघून जाते, तिथं ट्यूब हवीच. दुकानदार म्हणाला, "ट्यूबलेस टायर घ्या आणि आत ट्यूब टाका," तर त्यानं टायर विकलाय, ट्यूबलेस विकलेलं नाही.

भावाबद्दल एकच. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या दुचाकी टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि ट्रॅक्टरच्या टायरवरचा 18 वरून 5 वर. बिल मागितलं तरच ही बातमी दुकानात पोहोचते. रिमोल्ड टायर, म्हणजे जुन्यावर नवी साल चढवलेला, स्वस्त मिळतो. त्याला दात नवीन बसवलेले असतात, जबडा जुनाच असतो. दुचाकीला तो घेऊच नये.

उतरवलेल्या टायरची काळजी नको. पूर्वी त्याच्या चपला व्हायच्या आणि त्या मूळ टायरपेक्षा जास्त चालायच्या. ट्यूबच्या पट्ट्या कॅरेट बांधायला अजूनही लागतात. पोरं टायरला काडीनं हाणत गल्लीभर पळवतात. आणि संत्र्याचा भाव पडला की उरलेसुरले टायर रस्ता रोकोत चौकात जळतात. रबराचा धूर फुप्फुसांना वाईट, हे खरंच. पण आयुष्यभर कुणाच्या नजरेत न आलेला मागचा टायर त्या एका दिवशी पेपरात फोटोसकट येतो.

टायर बसवून घेताना तीन गोष्टी उभं राहून पाहा. ट्यूबवाला टायर असेल तर ट्यूबही नवी घ्या. जुनी ट्यूब ताणलेली असते, नव्या टायरात घडी पडते आणि तिथंच फाटते. टायरच्या बगलेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पुढच्या बाजूला वळलेला आहे का ते पाहा. घाईत टामी मारणारा पोरगा बाण पाहतोच असं नाही. आणि नव्या रबरावर साच्यातून काढताना लागलेला निसरडा थर असतो, तो घासून जायला शंभर-दीडशे किलोमीटर लागतात. वरूडहून अमरावतीला जाऊन आलात की तेवढे भरतात. तोवर वळणावर गाडी फार वाकवू नका, आणि फाट्यावर कुणी हात केला तर कोंबडा घ्या, माणूस एसटीनं येऊ द्या.